शुगरफ्री बर्फी आणि अंकलीचा पूल

आमच्या आणि माईंच्या घरामधली भिंत छातीइतकीच उंच आहे. बांधताना गवंडी विचारत होता, आणखी दोन थर चढवू का, तर आम्ही दोघींनी एका सुरात नको म्हटलं होतं. गेली अठरा वर्षं त्या भिंतीवरून कढीपत्ता, विरजण, लग्नपत्रिका आणि विश्रामबागेतल्या यच्चयावत घरांच्या बातम्या इकडून तिकडे जातात. परवा सकाळी तिच्यावर एक झाकलेली ताटली आली.

"घे गं. पुण्याच्या भाच्यानं आणलीय. काजूची बर्फी. साखरेचा कण नाही हो त्यात. तुझं पोट माहीत आहे, म्हणून मुद्दाम दोन वड्या काढून ठेवल्या."

मी दोरीवर चादर टाकत होते. माईंच्या पायरीवर पेपर घडी घातलेला तसाच पडला होता. एरवी माईंचे यजमान भाऊ साडेसहाला पेपर उघडून बसतात आणि आमच्याकडच्या चहाच्या वासावर हवामान सांगतात. म्हटलं, गेले असतील फिरायला.

"माई, राग मानू नका," मी म्हटलं, "तुम्ही साखरेची बर्फी आणली असतीत तर एक वडी आत्ता इथेच तोंडात टाकली असती. ही नको."

माईंचा चेहरा पडला. डायबेटिस होऊन बावीस वर्षं झालेल्या बाईला, बिनसाखरेची मिठाई नको आणि साखरेची चालेल, हे ऐकवणं म्हणजे पत्र्यावरचं ऊन पोळतं म्हणून चुलीवर बसण्यासारखं वाटणार. मग सांगावंच लागलं. अंकलीच्या पुलाची गोष्ट मी इतके दिवस कुणाला सांगितली नव्हती.

मागच्या वैशाखात कोल्हापूरला भाचीचा साखरपुडा होता. माझं पोट पंधरा वर्षांचं जुनं दुखणं. आयबीएस, म्हणजे चिडखोर आतडं. दुर्बीण घालून झाली, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. फक्त पोट नॉर्मल नाही. त्यामुळे कार्याच्या दिवशी मी काही खात नाही. पण सकाळी सातला चहाबरोबर काहीतरी हवं म्हणून लेकानं पाठवलेलं शुगरफ्री चॉकलेट उघडलं. मनात विचार असा, की साखर पोटाला वाईट, मग बिनसाखरेचं पोटाला चांगलं. चार तुकडे खाल्ले. चवीला छान होतं म्हणून आणखी दोन. एक एसटीत.

"मग?"

"मग अंकलीच्या पुलावर पहिली कळ आली."

खाली कृष्णा, पुढे ट्रॅक्टर, त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या नाहीत हे माझं नशीब, आणि माझ्या पोटात गुडगुड अशी, की शेजारच्या सीटवरच्या माणसानं आधी आपला मोबाइल चाचपून पाहिला. जयसिंगपूर स्टँड येईपर्यंत मला जेवढे देव माहीत होते तेवढ्यांची नावं संपली, मग वाडीच्या नरसोबापासून पुन्हा सुरुवात केली. स्टँडवर उतरले ती साडी, पर्स, आहेराचं पाकीट घेऊन धावतच. गाडी गेली. पुढच्याही दोन गेल्या. साखरपुड्याला पोचले तेव्हा पेढे वाटून झाले होते आणि सगळे विचारत होते, एवढी उतरलीस कशानं.

"बाई गं!" माई म्हणाल्या. "आणि दोष कुणाला दिलास?"

"आदल्या रात्रीच्या भरल्या वांग्याला. सहा महिने वांगं घरात आणलं नाही."

खरा गुन्हेगार सापडला तो मिरजेला पोटाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, आणि त्या बाईंनी पहिलंच काय विचारलं असेल, तर वेष्टन आहे का. मला सवयच आहे, चांदीचे कागद रद्दीच्या पुस्तकात जपून ठेवायची. भिंगातून वाचलं. माल्टिटॉल, 965. आणि तळाला मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ, की यातल्या पॉलिऑलमुळे पोट साफ होऊ शकतं. मराठीत सरळ सांगायचं तर जुलाब. अशा जिनसांवर ती ओळ छापायची आपल्याकडे सक्तीच आहे. पण शुगरफ्री हे बोटाएवढ्या अक्षरांत आणि जुलाब हे मुंगीएवढ्या, हे गणित कुणी बसवलं कोण जाणे.

"पण म्हणजे असतं काय ते? औषध घालतात?"

औषध नाही. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल, आयसोमाल्ट, ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. गोड असतात, बहुतेक साखरेपेक्षा कमी. माल्टिटॉलच्या कॅलरी साखरेच्या निम्म्याच्या आसपास. त्या कमी का? तर लहान आतडं त्यांना नीट आत घेतच नाही. दारातून परत पाठवलेला पाहुणा. आता पाहुणा परत गेला असता तर ठीक होतं, तो अंगणातच बसतो. माई, तुम्ही लोणच्याला कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवता, तासाभरानं काय होतं? पाणी सुटतं. तसंच. न शोषलेला गोडवा आतड्यात पाणी ओढून घेतो. मग ते सगळं पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथले जिवाणू वाटच पाहत असतात. इडलीचं पीठ रात्रीत पातेल्याबाहेर येतं ना, तसं तिथे आंबायला लागतं. गॅस धरतो. तुमच्यासारखीच्या पोटात तेवढाच गॅस झाला तर जरा वारा सरतो, काम संपलं. आयबीएसवाल्याच्या आतड्याच्या नसा हळव्या. त्याच गॅसनं आम्ही आडवे.

माईंनी ताटलीवरचं झाकण उचलून बर्फीकडे नव्या नजरेनं पाहिलं. "दिसतेय तर साधी."

बर्फीत ते का घालतात, हे त्या बाईंनी फार छान सांगितलं. साखर नुसती गोड नसते, ती माल असते. पाक होतो, वडी धरते, सुरी फिरते, ते साखरेमुळे. सुक्रालोज साखरेच्या सहाशेपट गोड. चमचाभर साखरेच्या जागी ते काही मिलिग्रॅमच लागतं. एवढ्याशा भुकटीचा एकतारी पाक कसा होणार? वजनाला वजन, चिकटपणाला चिकटपणा देणारं काहीतरी हवंच. म्हणून माल्टिटॉल. त्यामुळे चहातल्या चिमूटभर पुडीपेक्षा शुगरफ्री मिठाई, चॉकलेट, बिस्किटं माझ्यासारखीला जास्त भोवतात. आणि माझ्या बाबतीत काजूही शहाणा नाही. मूठभर काजू खाल्ले तरी पोट फुगतं.

"आमच्या कोपऱ्यावरच्या सरांची सून बघ," माई म्हणाल्या. आवाज आपोआप खाली. "जिमला जाते. त्या प्रोटीनच्या वड्या खाते. आणि सासूला सांगते, आई, तुमच्या हातच्या आमटीनं माझं पोट फुगतं."

"वडीचं वेष्टन बघा म्हणावं."

"मी कशी म्हणू? सासू म्हणते सून आळशी आहे, सून म्हणते आमटीत काहीतरी आहे. चाललंय त्यांचं." मग जरा थांबून, "काय असेल गं त्या वडीत?"

हेच. किंवा चिकरी नावाच्या मुळाचं फायबर, इन्युलिन. तेही आंबतं. त्यांच्या घरचा कुत्राही जपायला हवा म्हणा. झायलिटॉलचं च्युइंगम कुत्र्याच्या पोटात गेलं तर रक्तातली साखर धाडकन उतरते, जिवावर बेततं. हे मी सरांना मागेच सांगितलं. सर म्हणाले, आमचा टायगर फक्त चपाती खातो. टायगरनं माझी वहाण खाल्ली होती, ते सरांना आठवत नाही.

च्युइंगमवरून आठवलं. 2008 साली बर्लिनच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन रुग्णांची हकीकत छापली. एक एकवीस वर्षांची मुलगी. आठ महिने जुलाब, अकरा किलो वजन उतरलेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडेना. शेवटी विचारलं, खातेस काय? तर दिवसाला पंधरा-सोळा च्युइंगम चघळायची, शुगरफ्री. पोटात रोज अठरा ते वीस ग्रॅम सॉर्बिटॉल. दुसरा शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, तो तर बावीस किलोंनी उतरला होता. दोघांनी चघळणं सोडलं आणि दोघंही बरे झाले. मी हे घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, वजन उतरवायला बरा उपाय दिसतो. पुरुषांना गोष्टीतलं नेमकं काय उचलायचं ते बरोबर कळतं.

"मग आता तू खातेस तरी काय? मध?"

मध तर माझा दुसरा गुन्हेगार. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू, हा सल्ला मला आजवर किमान चाळीस जणांनी दिला असेल, त्यात एक रिक्षावालाही होता. मधात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त असतं, आणि हे जास्तीचं फ्रुक्टोज अनेकांच्या आतड्याला झेपत नाही. ग्लुकोज बरोबरीनं असलं की त्याचा हात धरून फ्रुक्टोज आत जातं; एकटं पडलं की अडकतं. हापूसचंही तेच. एका बैठकीला दोन फोडी चालतात, वाटीभर रस नाही. हे लिहितानासुद्धा घसा दाटतो.

आणि साखर? आपली पांढरी, सगळ्यांनी शिव्या घातलेली, कारखान्यातली साखर? ती अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज, बरोबर जोडीनं. लहान आतडं ती फोडतं, शोषतं, विषय संपला. मोठ्या आतड्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी 2005 च्या सुमाराला पोटात आंबणाऱ्या या पदार्थांना फॉडमॅप असं नाव दिलं. त्या यादीत कांदा-लसूण आहे, गहू आहे, मध आहे, सफरचंद आहे, शेवटचं 'पी' अक्षर खास या पॉलिऑलचं आहे, आणि चमचाभर साखर मात्र त्यात नाही. मी यादी वाचली तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंना विचारलं, छापायला चुकलं नाही ना?

माई गप्प झाल्या. मला कळलं त्यांना काय लागलं ते. मी घाईनं म्हटलं, "माई, हे माझ्या पोटाचं. तुमच्या रक्ताचं वेगळं. तुम्ही साखर खायची नाही."

"ते माहीत आहे गं. पण बघ की. तुला जी चालते ती मला चालत नाही, मला जी चालते ती तुला जयसिंगपूरला उतरवते. आणि गूळ?"

गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, कोल्हापुरी असला तरी. माझ्या पोटाला चालतो, तुमच्या शुगरला नाही, आणि जो कुणी गुळाच्या चहानं शुगर वाढत नाही म्हणतो त्याला एकदा ग्लुकोमीटर दाखवा. मीही वर्षानुवर्षं पुरणपोळीच्या दिवशी गुळाला बोल लावायचे. गूळ निर्दोष होता. हरभऱ्याची डाळ आणि गव्हाची पोळी, दोघी मिळून करत होत्या. खजुराच्या लाडवांचंही तसंच. साखर नाही म्हणून आरोग्याचे म्हणतात, माझ्या पोटाला विचारा.

"मग त्या पुड्या? भाऊ चहात टाकतात त्या?"

त्यांच्यावर माझा आता फारसा राग नाही. शिवाय त्यांच्या जन्मकथा ऐकल्यावर तर गंमतच वाटते. 1879 मध्ये अमेरिकेतला एक रसायनवाला, फालबर्ग, प्रयोगशाळेतून घरी येऊन हात न धुता जेवायला बसला. पाव गोड लागला. ते सॅकरिन. 1965 मध्ये दुसऱ्यानं कागद उचलायला बोट चाटलं. ते अस्पार्टेम. आणि तिसरा आपला फडणीस.

"कोणाचा?"

शशिकांत फडणीस. 1976, लंडनचं क्वीन एलिझाबेथ कॉलेज. साखरेवर क्लोरिन चढवून काही नवे पदार्थ केले होते. प्राध्यापकांनी सांगितलं, हे टेस्ट कर. म्हणजे तपासून बघ. फडणिसांना ऐकू आलं, चाखून बघ. त्यांनी चाखलं. निघालं सुक्रालोज. इंग्रजीत या दोन शब्दांची स्पेलिंगं वेगळी. आपल्याकडे भेळेचीही टेस्ट आणि रक्ताचीही टेस्टच. मराठी माणसाला सांगताना प्राध्यापकांनी जरा सांभाळून बोलायला हवं होतं.

माई इतक्या हसल्या की ताटली भिंतीवरून घसरता घसरता वाचली. "म्हणजे हात न धुणारे, बोटं चाटणारे, आणि ऐकू कमी येणारे. आमच्या सगळ्या शुगरफ्रीचे बाप हे!"

यातली कुठलीच पुडी माल्टिटॉलसारखी धावत सुटायला लावत नाही. पण पुडीतही गोडी देणारं चिमूटभर आणि बाकी भर असते, आणि मेख त्या भरीत आहे. माल्टोडेक्स्ट्रिन असतं, गोळीत लॅक्टोज असतं. दूध न पचणारे लॅक्टोज वाचून घाबरतात; पण गोळीत ते मिलिग्रॅममध्ये, आणि ज्या चहात गोळी टाकता त्यातल्या अर्ध्या कप दुधात पाच-सहा ग्रॅम. घाबरायचंच तर दुधाला घाबरा. स्टीव्हियाचं झाड माईंनीच मला दिलं होतं, गोड तुळस म्हणून. पान चघळलं तर गोड, मागून कडसर. त्याचं नुसतं सत्त्व पोटाला सोसतं, पण दुकानातल्या डब्यात बहुतेकदा एरिथ्रिटॉल नाहीतर इन्युलिन मिसळलेलं. एरिथ्रिटॉल त्या घराण्यातलं त्यातल्या त्यात समंजस पोर. बरंचसं लहान आतड्यातच शोषलं जातं आणि लघवीवाटे जातं. तरी 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, रक्तात ते जास्त सापडलेल्यांत हृदयविकार जास्त दिसला. त्याच्यामुळेच झाला असं सिद्ध नाही झालेलं, पण मी चमच्यानं खायला जात नाही. सुक्रालोज आणि सॅकरिननं काहींच्या पोटातले जिवाणू बदलतात, असंही दिसलंय. काहींच्या. म्हणजे परत आपलं पोट आपणच ओळखायचं.

आणि अस्पार्टेमची पुडी खिरीत उकळू नका, हे माईंना शंभरदा सांगितलंय. अस्पार्टेम उकळलं की गोडी उडते. मग त्या आणखी दोन टाकतात.

"माझ्या नणंदेच्या मुलाला आहे बघ ते, कोलायटिस," माई म्हणाल्या. "त्याला सांगू का हे सगळं?"

इथे मात्र मी हात जोडले. त्याचं दुखणं वेगळं. त्याच्या आतड्याला सूज येते, जखमा होतात, औषधं बंद करून चालत नाही. दुखणं शांत असताना पोट फुगत असेल तर त्यालाही पॉलिऑल सोडून फरक पडेल. पण रक्त पडायला लागलं, वजन उतरलं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, ताप आला, तर बर्फीला दोष देत घरी बसायचं नाही, डॉक्टर गाठायचे. माझ्या डॉक्टरांनी मलाही हेच बजावलं होतं. वीस मिनिटं त्यांनी फक्त ऐकून घेतलं, मग म्हणाले, वही घाला. काय खाल्लं, किती वाजता, पोट कधी बोललं. लेकाची जुनी भूगोलाची वही घेतली. सह्याद्रीच्या रांगांखाली माझ्या कळांच्या नोंदी. सहा आठवडे ते फॉडमॅपच्या यादीतले पदार्थ बंद, मग एकेक परत आणून पाहायचं. कांदा तळून थोडा सोसतो. फ्लॉवर नाही, त्यात मॅनिटॉल. खोकल्याचं शुगरफ्री औषध नाही. त्यात सॉर्बिटॉल असतं हे मला बाटली संपल्यावर कळलं, तोवर खोकला राहिला होता आणि बाकीचं सुरू झालं होतं. आता मेडिकलवाला मला पाहिलं की आपणहून बाटली उलटी करून मागचं वाचतो.

चहात अर्धा चमचा साखर. आधी दोन होती. एकदम सोडली नाही, पाव-पाव चमचा उतरवत दोन महिने लागले. आता लग्नातला चहा पाकासारखा लागतो.

"म्हणजे ही बर्फी तुला नकोच," माईंनी ताटली परत ओढली. "राहू दे. मी खाईन एखादी."

"एखादी खा. तीही जेवणानंतर. आणि ही पण शुगर अजिबात वाढवत नाही असं नाही हं, कमी वाढवते एवढंच."

"डब्यात अजून तीन आहेत," माई बोटांवर मोजू लागल्या. "तुझ्या या दोन. पाच. आणि डबा बारा वड्यांचा. काल रात्रीच उघडला." बोटं थांबली. "मी तर अजून चाखलीही नाही."

आम्ही दोघींनी एकाच वेळी पायरीवरच्या पेपरकडे पाहिलं.

"माई, भाऊ कुठे आहेत?"

"मला वाटलं आंघोळीला गेलेत. पहाटेपासून तीनदा कडी वाजली. मी म्हटलं, आज यांना एवढं काय…" त्या वळल्या, चार पावलं गेल्या, परत आल्या. "अगं, तुझ्याकडे ती ओआरएसची पुडी असेल ना?"

माझ्या घरात ती जिऱ्या-मोहरीसारखी असते. मी आत जाऊन दोन आणल्या आणि भिंतीवर ठेवल्या. देता देता सवयीनं बोलून गेले, "माई, लिटरभर पाण्यात एक. आणि यात साखर असते हो, ग्लुकोज. त्याशिवाय मीठ-पाणी आत नीट शोषलं जात नाही. मधूनमधून शुगर तपासा, आणि थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करा."

"असू दे गं बाई साखर!" माई पुड्या घेऊन जवळजवळ पळतच निघाल्या. "आण इकडे."